सह्याद्रीत ज्वालामुखीचं तोंड शोधू नका

महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हारसाचा बनलेला आहे, हे शाळेतल्या भूगोलातून सगळ्यांच्याच कानावर गेलेलं असतं. त्यामुळे गडावर चाललेल्या कुठल्याही घोळक्यात कुणीतरी एखाद्या टोकदार डोंगराकडे बोट दाखवून विचारतंच, "हाच का तो ज्वालामुखी?" नाही. कळसूबाई ज्वालामुखी नाही, साल्हेर नाही, महाबळेश्वरही नाही. एकेकाळी या सगळ्या मुलखावर लाव्ह्याचे आडवे, सलग थर पसरलेले होते. पावसाने आणि नद्यांनी ते कोट्यवधी वर्षं कोरले, आणि जे कोरून नेता आलं नाही त्याला आपण शिखर म्हणतो. कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे, कारण आजूबाजूचं वाहून गेलं आणि तो राहिला.

गंमत अशी, की ज्वालामुखीच्या मुखासारखी दिसणारी जी एक ठळक जागा आपल्याकडे आहे, तिचा ज्वालामुखीशी संबंध नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं विवर जवळपास गोल आहे, १.८ किलोमीटर व्यासाचं आहे, आणि तेही थेट बेसॉल्टच्या कातळात. एकोणिसाव्या शतकापासून अनेक अभ्यासक त्याला ज्वालामुखीचंच विवर समजत होते. १९७०च्या दशकात तिथे मास्केलिनाइट नावाची काच सापडली. प्रचंड धक्क्याचा दाब बसला तरच फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते, आणि एवढा दाब ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही. लोणार हा अवकाशातून आलेल्या अशनीचा घाव आहे. लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटल्यावर तो बसला.

मग लाव्हा आला कुठून? जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. शंकूच्या आकाराचा डोंगर व्हायला दाट, चिकट शिलारस आणि राखेचे स्फोट लागतात. दक्खनचा शिलारस बेसॉल्टचा होता. त्यात सिलिकाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास, तापमान अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअस, त्यामुळे तो पातळ. पातळ लाव्हा साचून उंच होत नाही, पसरतो. त्या भेगांमध्ये शेवटी जो रस गोठून राहिला त्याच्या भिंती झाल्या. त्यांना डाईक म्हणतात. नंदुरबार-धुळे भागात अशा दोनशेहून अधिक डाईक नोंदलेल्या आहेत. आजूबाजूचा खडक झिजला की त्या जमिनीतून सरळ रेषेत वर आलेल्या दिसतात, आणि कुणीतरी बांधलेला जुना तटच वाटतात. ज्वालामुखीचं तोंड पाहायचंच असेल तर ते हे.

असा भेगेतून होणारा उद्रेक माणसाने पाहिलेला आहे, पण बराच लहान. आइसलँडमध्ये जून १७८३ मध्ये लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. एकूण लाव्हा साधारण १४-१५ घन किलोमीटर. त्याबरोबर निघालेल्या विषारी वायूंनी कुरणं नासली, जनावरं मेली, आणि त्यानंतरच्या दुष्काळात आइसलँडची सुमारे एक पंचमांश माणसं गेली. दक्खनमध्ये एकेका मोठ्या उद्रेकातून हजार घन किलोमीटरच्या घरात लाव्हा बाहेर पडला असावा असा अंदाज आहे. आणि असे उद्रेक पुन्हा पुन्हा झाले.

हे सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. सरकताना तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून गेला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारत पुढे निघून गेला, ती जागा मात्र तापलेलीच राहिली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस ही समुद्रातून जाणारी रांग म्हणजे तिच्या वाटेच्या खुणा, आणि आज तिच्यावर हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे. तिथला ज्वालामुखी अजूनही वरचेवर जागा होतो. दक्खनचा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहे. त्यात महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग येतो, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगणाचे तुकडे. पूर्वेकडे तो पातळ होत जातो. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत जमिनीत खोल छिद्र पाडलं, तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली पुरातन ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेच्या परिसरात तोच तळ गाठायला नऊशे मीटरहून खाली जावं लागतं. नागपूरच्या पुढे तर बेसॉल्ट संपतोच. भंडारा-गोंदियाचे खडक वेगळे आणि कितीतरी जुने.

आता खरा प्रश्न. रासायनिकदृष्ट्या हा लाव्हा बऱ्यापैकी एकसारखा होता. मग त्यातून वेरूळचा अखंड कातळही निघतो, ठिसूळ भोकाभोकांचा दगडही निघतो, अंधेरीतले खांब निघतात, वाघोलीचे निळे स्फटिक निघतात, हे कसं? माझ्या मते दक्खनची सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे, आणि तिचं उत्तर लाव्ह्यापेक्षा त्याच्या निवण्यात जास्त आहे. तो किती सावकाश निवला, त्यातला वायू कुठे अडकला, आणि पुढचा लाव्हा येईपर्यंत मध्ये किती वेळ गेला.

बराच काळ असं समजलं जायचं, की दक्खनमध्ये लाव्ह्याचे लोंढे आले आणि थोड्या दिवसांत शेकडो किलोमीटर पसरले. हवाई बेटांवर १९९०च्या सुमारास कालापाना गावाच्या परिसरात लाव्हा शिरला, तेव्हा भूवैज्ञानिकांना तो जवळून, रोजच्या रोज पाहता आला, आणि चित्र बदललं. पुढे सरकणारी लाव्ह्याची जीभ जेमतेम वीत-दीड वीत जाड असायची. दुधावर साय धरावी तशी तिच्यावर लगेच कवच धरायचं. पण आत लाव्हा येतच राहायचा, आणि तो कवचाला खालून वर उचलायचा. वीतभराची जीभ काही आठवड्यांत चार-चार मीटर फुगायची. कवच उष्णता आत कोंडून ठेवतं, त्यामुळे आतला रस निवत नाही आणि दूरवर जाऊ शकतो. लाव्हा कवचाखाली किती काळ पातळ राहतो याचं एक टोकाचं उदाहरणही हवाईचंच. किलाउएया इकी या विवरात १९५९ मध्ये शंभराहून अधिक मीटर खोल लाव्ह्याचं तळं साचलं. १९८१ मध्ये त्याच्या पाठीवरून छिद्र पाडलं, तेव्हाही आत वितळलेला खडक लागला.

दक्खनचे अनेक प्रवाह याच पद्धतीने, सावकाश फुगत वाढले हे आता मान्य झालेलं आहे. म्हणजे तीस मीटर जाडीचा एक थर घडायला महिने, कदाचित वर्षंही लागली असतील. आंध्रात राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या काठी, मुख्य प्रदेशापासून खूप दूर बेसॉल्टचे थर आहेत आणि त्यांचं रसायन महाबळेश्वर परिसरातल्या वरच्या थरांशी जुळतं. लाव्हा सुमारे हजार किलोमीटर वाहत तिथवर गेला असावा. कवच नसतं तर हा प्रवास शक्य नव्हता.

असा एक थर आडवा कापून पाहिला, म्हणजे एखाद्या घाटरस्त्याच्या कडेला किंवा खाणीत उभं राहिलं, की तीन भाग दिसतात. तळाशी पातळ, झटकन गोठलेली पट्टी. मध्ये दाट, जड, काळा गाभा. वर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग, कारण बुडबुडे वर चढतात आणि कवचाखाली अडकतात. सह्याद्रीच्या कड्यांना जी पायऱ्यांची रचना आहे ती यातूनच येते. गाभा झिजायला तयार नसतो, त्याचा उभा कडा होतो. सच्छिद्र भाग लवकर कुजतो, त्याची उतरती, गवताळ पट्टी होते. मग पुढचा कडा, पुढची पट्टी. गडाची माची म्हणजे पुष्कळदा अशीच एक पट्टी, आणि बालेकिल्ला तिच्यावरच्या गाभ्यावर. किल्ले बांधणाऱ्यांना लाव्ह्याचा इतिहास ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण दगडाचा स्वभाव त्यांना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

गाभा निवताना आक्रसतो. आक्रसताना त्याला तडे जातात, आणि निवणं सगळीकडून सारख्या गतीने होत असेल तर तडे नीट कोनात एकमेकांना मिळतात. वरून आणि खालून ते आत आत सरकतात, आणि पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलवर हे खांब सुमारे साठ मीटर उंच उभे आहेत. वर गावदेवीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी इमारती इतक्या जवळ आल्या आहेत, की कडा नीट पाहायलाही जागा शोधावी लागते. एवढं भूवैज्ञानिक वैभव दुसऱ्या एखाद्या शहरात असतं तर त्याच्याभोवती बाग झाली असती. कोल्हापूरकडे पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्यालाही असे खांब आहेत. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांब मात्र दक्खनच्या खात्यात टाकू नयेत. ते सुमारे दोन कोटी वर्षं अधिक जुने, वेगळ्या खडकाचे, मादागास्कर भारतापासून तुटत होता तेव्हाचे.

थराच्या वरच्या सच्छिद्र भागाची कहाणी गाभ्यापेक्षा रंगीत आहे. बुडबुड्यांच्या पोकळ्या रिकाम्या राहिल्या नाहीत. खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने बेसॉल्टमधलं सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम विरघळवलं आणि पोकळ्यांत आणून ठेवलं. त्यातून झिओलाइट वर्गातली खनिजं झाली. स्टिल्बाइटच्या गुलाबी-पांढऱ्या पेंढ्या, स्कोलेसाइटच्या सुया, त्यांच्या सोबतीला अपोफिलाइटचे पाणीदार, कधी हिरवट स्फटिक. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींतून निघालेले हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तर त्यांच्यासाठीच उभं राहिलं. यातला कॅव्हान्साइट हा व्हॅनेडियममुळे झगझगीत निळा दिसणारा स्फटिक पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडला, पण त्याचे सर्वोत्तम नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले. खाण चालते खडीसाठी. रस्त्याच्या खडीत आजवर काय काय चिरडलं गेलं असेल ते विचारू नये.

अकीकही अशाच पोकळ्यांतला. गुजरातेत भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरला मिळणारा अकीक दक्खनच्या बेसॉल्टमधून सुटून आलेला आहे, आणि गुजरातेत त्याचे मणी हडप्पा काळापासून घडवले जातात. पोकळ्यांच्या आतल्या भिंतीला पुष्कळदा हिरवं अस्तर असतं. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशा हिरव्या मातीचा आहे, तांबडा आणि पिवळा गेरूचे. निळ्यासाठी मात्र लाजवर्द परमुलखातून आणावा लागला.

आता दोन थरांच्या मधल्या वेळेकडे येतो. घाटात काळ्या कातळांच्या मधोमध विटकरी रंगाची एक पट्टी दिसते, कधी हातभर, कधी पुरुषभर. भूवैज्ञानिक तिला रेड बोल म्हणतात. एक प्रवाह थंड झाला, त्याचा माथा उघडा पडला, त्यावर पाऊस पडला, राख पडली, दगड कुजून माती झाली, आणि मग पुढच्या लाव्ह्याने तिला झाकून भाजून काढलं. काही ठिकाणी हा विसावा इतका लांबला, की तळी साचली, झाडं उगवली, प्राणी नांदले. नागपूरजवळ टाकळीला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांना अशा मधल्या थरांत जीवाश्म सापडले. हे हिस्लॉप म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे तेच. छिंदवाड्याजवळच्या मोहगावकलाँचे वनस्पतींचे जीवाश्म बिरबल साहनींनी अभ्यासले. आणि मुंबईत चक्क वरळीला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या खडकात बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोन उद्रेकांच्या मध्ये बेडकांच्या पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदाव्यात, एवढी सवड होती तर.

दक्खनचं नाव डायनासोरांच्या अंताशीही जोडलं गेलं. बेसॉल्टच्या खाली, जबलपूरपासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यापर्यंत, डायनासोरांचे जीवाश्म मिळतात. कच्छमध्ये अंजारजवळ दोन प्रवाहांच्या मधल्या थरातही त्यांची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळाली, म्हणजे पहिले उद्रेक त्यांनी पचवले होते. दुसरीकडे १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसह अशनीच्या आघाताची कल्पना मांडली, आणि पुढे मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवर तिला पुरावा म्हणून सापडलं. दोन्ही घटना ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्याच. मग आधी काय? काळ्या बेसॉल्टचं वय अचूक काढणं कठीण, पण तांबड्या पट्ट्यांत राखेबरोबर आलेले झिरकॉनचे सूक्ष्म कण असतात, आणि त्यातलं युरेनियम ठरलेल्या गतीने शिशात बदलतं. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एकाच वेळी दोन अभ्यास आले. झिरकॉनवाल्यांचं म्हणणं, की उद्रेक चार मोठ्या झटक्यांत झाले आणि त्यातला एक मोठा झटका आघाताच्या हजारो वर्षं आधीचा. आर्गॉनच्या पद्धतीने वय मोजणाऱ्यांचं म्हणणं, की तीन-चतुर्थांशाच्या आसपास लाव्हा आघातानंतर बाहेर पडला. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, एवढ्यावर दोघांचं एकमत. बाकीचा निकाल लागलेला नाही. 'डायनासोर आपल्या सह्याद्रीने मारले' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा दम धरावा.

लेण्यांबद्दल थोडक्यात. वेरूळचं कैलास मंदिर आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलं, सुमारे तीस मीटर. एवढं कोरायला तडे कमी असलेला कातळ हवा, आणि तो निवडणाऱ्याची नजर पक्की हवी, कारण मध्येच वाईट दगड लागला तर मागे फिरायची सोय नाही. अजिंठ्यातला दगड जागोजागी पोकळ्यांचा आणि खडबडीत. म्हणून तिथे माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढवून मग चित्रं काढली. कान्हेरीचा खडक सलग बेसॉल्टसुद्धा नाही. ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेले तुकडे पुन्हा सांधून झालेला तो खडक आहे.

शेवटी हा दगड कुजतो, आणि कुजून त्याचं काय होतं ते पावसावर अवलंबून. देशावर, विदर्भात, मराठवाड्यात पाऊस बेताचा. तिथे बेसॉल्टची चिकणमाती होते, ती ओलीत फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आक्रसते. हीच कापसाची काळी माती. पीक उत्तम, घराच्या पायाला वैरीण. कोकणात आणि घाटमाथ्यावर धो-धो पाऊस सिलिका धुऊन नेतो, लोह आणि ॲल्युमिनियम मागे ठेवतो, आणि त्याच बेसॉल्टचा तांबडा जांभा होतो. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, रत्नागिरीचे कातळशिल्पांचे सडे, सगळे जांभ्याचे. कोकणातल्या घराचा चिरा आणि लातूरची काळी रानं एकाच लाव्ह्याची आहेत, हे पटायला जड जातं खरं.

या सगळ्याचा रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळचा संबंध पाण्याचा आहे. दाट गाभ्यात पाणी मुरत नाही, तडे असतील तेवढंच. कुजलेला सच्छिद्र भाग पाणी धरतो. तांबडी पट्टी बहुधा पाणी अडवते, म्हणून डोंगरात झरे पुष्कळदा तिच्या पातळीवर फुटतात. एकाच शिवारात एकाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आणि शंभर पावलांवर दुसऱ्याचं बोअर कोरडं, याचं कारण या थरांत आहे. नारळ तळहातावर उभा राहतो की नाही, पायाळू काय म्हणतो, यात नाही. बोअर मात्र किती थर ओलांडतं याचा हिशेब क्वचितच कुणी ठेवतं. ते तांबडी पट्टी फोडून खाली गेलं आणि त्याला केसिंग नीट नसलं, तर वरच्या थरात अडलेलं पाणी त्याच छिद्रातून खाली निसटतं, आणि आधी आटते ती शेजाऱ्याची जुनी विहीर.